दुधानं हात धुऊन

त्रिशला, काल तू फोनवर फोटो दाखवलास
त्यात मला आधी काहीच दिसेना.
करडा पडदा, त्यावर सहा कोनांचे ठिपके,
बस्तीत पर्वाला काढतो तशी रांगोळी
अर्धीच काढून कुणी तरी उठून गेलेलं.
हाच तो, म्हणालीस,
समुद्रातल्या त्या लांब तपकिरी पानात बसलेला.

पान मात्र ओळखीचं निघालं.
ओल्या दोराला लोंबतंय, चिवट, कडेला चुण्या,
वखारीत बांबूवर टांगलेला तंबाखू जसा.
मी मोबाईलजवळ नाक नेलं.
सवय.

मग तू विचारलंस,
केवडा आला की आपल्यात काय करायचे गं?

वासाचा केवडा नव्हे.
तरव्यात एखादं पान हिरवं-पिवळं, चट्ट्यापट्ट्याचं निघालं
की तुझे आप्पा रोप उपटून बांधापलीकडे पुरायचे
आणि तोच हात दुसऱ्या रोपाला लावायचे नाहीत.
बिडी ओढून तरव्यात यायला गड्यांना बंदी.
बिडीच्या भुकटीतसुद्धा तो टिकून असतो म्हणे, वर्षानुवर्षं.
बादलीत साय काढलेलं दूध.
त्यात हात बुडवायचे, मग रोप धरायचं.
निपाणीच्या कुणा शेतकी साहेबानं सांगितलेलं असेल.
सदलग्याच्या बायका हसायच्या,
मगदुमांची रोपं दूध पितात
आणि आमची पोरं कोरा चहा.

तू हसली नाहीस. लिहून घेतलंस.

इथं उपटून भागत नाही आई, म्हणालीस.
बीजाणू पाण्यात सुटतो तेव्हा त्याला भिंत नसते.
शेपटी हलवत पोहत असतो, उघडाच.
तेवढ्या वेळात हा आत शिरतो
आणि शिरून काहीच करत नाही.
एकाच्या दोन पेशी होतात, त्याचेही दोन होतात.
पान वाढत जातं, पुरुषभर, दोन पुरुष,
तुकतुकीत, कुणी दृष्ट काढावी असं.
आणि बीज धरायचा दिवस येतो
तेव्हा काही घरांतून बीज बाहेर पडतं,
काही घरांतून हा.

लावलेल्यातलं सांगतेस का रानातलं?
दोन्ही.
दोरावर शेती केलेल्यातही, खडकावर आपसूक आलेल्यातही.
मग कुणी कुणाला दिला?
तेच शोधायचा पगार देतात मला.

तिकडे तुझी रात्र दुपारीच पडलेली.
मागं कुणी तरी मोठी नळी धुत होतं.

पाठशाळेत पंडितकाका सांगायचे,
सुईच्या टोकावर मावतील एवढ्यात अनंत जीव,
एकाच देहात दाटीनं, श्वास एकदम, मरण एकदम.
म्हणून शेवाळावर पाय द्यायचा नाही.
दूधगंगेच्या घाटावर मी अजून उड्या मारत उतरते,
या वयात, या गुडघ्यांनी.
तुला विचारलं, हा तुझा ठिपका जीव आहे का?
तू जरा थांबलीस.
आत असताना आहे, म्हणालीस. बाहेर असताना सांगता येत नाही.
पंडितकाकांना हे आवडलं नसतं. का आवडलं असतं?

आज सकाळी तरवा मोजला.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
बोलते मराठी, भांडते मराठी,
तुझ्या आप्पांना रडले तीही मराठीतच,
आणि मोजायला बसले की हे असं बाहेर येतं.
माझी आईही अशीच मोजायची.
तिच्यात कुणी घातलं, कधी, तिलाही ठाऊक नसणार.
आकडा कधी चुकला नाही.

चौथ्या वाफ्यात एक पान मला चट्ट्याचं वाटलं.
उन्हाचा कवडसाही असेल.
मी लगेच हात लावला नाही. घरात गेले.
दूध चहापुरतंच होतं.
तेच घेऊन आले.